कोणत्या खोलीस कोणता उजेड?

घर नव्याने बांधताना अथवा जुन्या घराची डागडुजी करताना फरशी कोणती असावी, भिंतीस रंग कोणता द्यावा, पडदे कोणत्या कापडाचे शिवावे, ह्या बाबींचा खल कुटुंबात आठवडेच्या आठवडे चालतो. परंतु ज्या उजेडात ही फरशी, हे रंग आणि हे पडदे दिवस मावळल्यानंतर रोज पाहावयाचे असतात, तो उजेड कोणत्या वर्णाचा असावा, हा प्रश्न मात्र बहुधा वायरमनच्या मर्जीवर सोपविला जातो, आणि वायरमन आपल्या नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे पांढऱ्याशुभ्र दिव्यांचा एक खोका दुकानातून आणून दिवाणखान्यापासून न्हाणीघरापर्यंत सर्वत्र एकाच जातीचा दिवा बसवितो. परिणामी ज्या खोलीत मनुष्य निजतो तेथील उजेड आणि ज्या कचेरीत तो दिवसभर हिशेब लिहितो तेथील उजेड ह्यांत तिळमात्र फरक उरत नाही. हा फरक का असावा, तो कोणत्या तत्त्वावर ठरवावा आणि बाजारात उभे राहिल्यावर तो कसा साधावा, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पांढऱ्या उजेडाविषयीचा आपल्याकडील पक्षपात अकारण जडलेला नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. जुन्या टंगस्टनच्या तारेच्या बल्बमध्ये खर्च झालेल्या विजेचा जेमतेम विसावा हिस्सा प्रकाशात उतरे आणि उरलेली बहुतेक सारी वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाई. त्यातही व्होल्टेज उतरले, की तोच बल्ब तांबूस होऊन मिणमिणू लागे, आणि खेड्यापाड्यांतून हा अनुभव नित्याचा होता. त्यानंतर जी ट्यूबलाइट आली ती तेवढ्याच विजेत कितीतरी अधिक उजेड देणारी आणि रंगाने पांढरी होती. साहजिकच पिवळा उजेड म्हणजे अपुरा आणि पांढरा उजेड म्हणजे भरपूर, अशी खूणगाठ लोकांच्या मनात बसली. पुढे २०१५ च्या जानेवारीत केंद्र सरकारने सुरू केलेल्या उजाला योजनेने स्वस्त एलईडी बल्ब कोट्यवधी घरांत पोहोचविले, तेही बहुतांशी पांढऱ्या उजेडाचेच होते. मात्र एलईडीच्या आगमनाने ह्या जुन्या समजुतीचा आधारच नाहीसा झाला आहे. आज पिवळसर दिवा आणि पांढरा दिवा तेवढ्याच विजेवर जवळजवळ सारखाच उजेड देतात. पिवळसर दिव्याचा उजेड किंचित कमी भरतो खरा, परंतु तो फरक विजेच्या बिलात शोधूनही सापडावयाचा नाही. उजेडाचा वर्ण आणि विजेची किफायत ह्यांची ताटातूट झाल्यामुळे दिव्याचा रंग निवडण्याची मुभा सामान्य गृहस्थास आता प्रथमच मिळाली आहे, आणि मिळालेली मुभा न वापरणे हे आपलेच नुकसान आहे.

अंकाचा अर्थ

दिव्याच्या खोक्यावर २७००, ३०००, ४०००, ६५०० असा एक अंक छापलेला असतो आणि त्यापुढे केल्विन ह्या परिमाणाची खूण असते. १८४८ साली तापमानाची निरपेक्ष मापनश्रेणी सुचविणारे ब्रिटिश पदार्थविज्ञानी विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्विन, ह्यांच्या नावाचे हे परिमाण. लोहाराच्या भट्टीतील लोखंड तापत जाते तसे ते आरंभी तांबडे, मग नारिंगी, मग पिवळे आणि शेवटी पांढरे दिसू लागते. शास्त्रज्ञांनी कल्पिलेली आदर्श कृष्णवस्तू ह्याहूनही अधिक तापविली, तर तिच्या प्रकाशात निळसर झाक उतरते. एखाद्या दिव्याच्या उजेडाचा वर्ण किती तापमानाच्या कृष्णवस्तूच्या वर्णाशी जुळतो, एवढेच तो छापील अंक सांगतो, आणि ह्यालाच प्रकाशाचे वर्णतापमान म्हणतात. एलईडी स्वतः काही हजारो अंश तापलेला नसतो. त्यात निळ्या प्रकाशाची एक बारीक चकती असते व तिच्यावर पिवळ्या स्फुरद्रव्याचा थर दिलेला असतो, आणि ह्या थराच्या घडणीनुसार उजेड पिवळसर किंवा निळसर निघतो. हा दिवा ज्यामुळे शक्य झाला, त्या निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा ह्या तिघांना २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अंकांची ओळख करून घ्यावयाची तर नित्य परिचयाच्या उजेडांपासून आरंभ करावा. समईच्या अथवा मेणबत्तीच्या ज्योतीचा वर्ण सुमारे १९०० केल्विनचा असतो, जुन्या तारेच्या बल्बचा सुमारे २७०० चा, हॅलोजनचा ३००० च्या आसपासचा, भर दुपारच्या उन्हाचा ५५०० च्या आसपासचा, आणि ढगांनी आच्छादलेल्या आकाशाचा साधारण ६५०० चा. निरभ्र निळ्या आकाशाकडून येणारा उजेड तर १०,००० च्याही पलीकडे जातो. येथे नवख्या ग्राहकाचा हटकून एक गोंधळ होतो: अंक जितका मोठा, तितका उजेड डोळ्यांस शीतल आणि निळसर, अंक जितका लहान, तितका तो उबदार आणि पिवळसर. बाजारात २७०० ते ३००० पर्यंतच्या दिव्यास वॉर्म व्हाइट, ४००० च्या आसपासच्या दिव्यास न्यूट्रल किंवा नॅचरल व्हाइट आणि ६५०० च्या दिव्यास कूल डे लाइट म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु ही नावे कारखान्यागणिक बदलतात, म्हणून नावावर विसंबू नये, अंक पाहावा.

ह्या अंकांचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवण्याजोगे आहे. श्रेणीच्या खालच्या टोकास थोडा फरकही डोळ्यास चटकन जाणवतो, तर वरच्या टोकास तेवढाच फरक सहज दृष्टीआड होतो. २७०० आणि ३००० चे दोन दिवे शेजारी लावले, तर तीनशेचा हा फरक कोणीही सांगू शकेल; पण ६००० आणि ६५०० ह्यांतील पाचशेचा फरक बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. म्हणून उबदार दिवे निवडताना अंकाची काटेकोर खातरजमा करावी; पांढऱ्या दिव्यांच्या बाबतीत तेवढी चिकित्सा अनाठायी आहे.

प्रमाण आणि रंगांची सचोटी

वर्ण हा उजेडाच्या तीन गुणांपैकी केवळ एक आहे; दुसरा गुण त्याचे प्रमाण आणि तिसरा वस्तूंचे रंग यथातथ्य दाखविण्याची त्याची पात्रता. हे तिन्ही एकत्र पाहिल्याखेरीज निवड साधत नाही.

प्रमाण ल्युमेनमध्ये मोजतात. चांगल्या घरगुती एलईडीपासून एका वॉटमागे साधारण शंभर ल्युमेन मिळतात. बारा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीचे क्षेत्र सुमारे अकरा चौरस मीटर भरते. बसण्याउठण्यापुरता उजेड म्हणजे दर चौरस मीटरला शंभर ल्युमेन, ज्यास शंभर लक्स म्हणतात, एवढा धरला आणि निम्मा उजेड भिंती, छत व दिव्याचे आवरण ह्यांत गडप होतो असा हिशेब केला, तर अशा खोलीस दोन ते सव्वादोन हजार ल्युमेन लागतात. ह्याचा अर्थ वीस-बावीस वॉटची एक एलईडी पट्टी, किंवा नऊ-दहा वॉटचे दोन-तीन बल्ब. पिवळसर दिवा लावला की घर अंधारे वाटते, अशी जी तक्रार वारंवार ऐकू येते, तिचे मूळ बहुतेक वेळा रंगात नसून ह्या हिशेबात असते: पांढऱ्या वीस वॉटच्या जागी पिवळसर नऊ वॉटचा एकच बल्ब लावलेला असतो, आणि दोष वर्णाला दिला जातो.

वर्ण आणि प्रमाण ह्यांच्या परस्परसंबंधाचा विचार फिलिप्स कंपनीच्या हॉलंडमधील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या क्रुइथॉफ नामक शास्त्रज्ञाने १९४१ साली मांडला. अल्प प्रमाणातील उजेड निळसर असला तर तो मनास उदास वाटतो आणि विपुल प्रमाणातील उजेड फार पिवळा असला तर तो अस्वाभाविक वाटतो, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय होता. त्याने आखलेल्या सीमारेषांविषयी पुढील संशोधकांनी शंका उपस्थित केल्या आहेत. तथापि मंद निळसर दिव्याखाली बसलेल्या माणसांचे चेहरे रोगट दिसतात, हा अनुभव ज्याने रात्री एखाद्या ओसाड एसटी स्थानकावर घेतला आहे, त्यास ह्या विधानातील तथ्यांश पटवून देण्याची गरज नाही.

तिसरा गुण रंगांच्या सचोटीचा. खोक्यावर सीआरआय अशा अक्षरांपुढे शंभरपैकी एक गुणांक दिलेला असतो. ऐंशी हा घरगुती वापरास किमान आणि नव्वद हा उत्तम समजावा. हा गुणांक आठ फिकट रंगांच्या सरासरीवरून काढतात, आणि त्यांत गडद तांबडा रंग नसतो. त्यामुळे ऐंशी गुणांकाच्या दिव्याखालीही टोमॅटो, डाळिंब, कुंकू आणि माणसाच्या त्वचेवरील लाली ही सारी निस्तेज दिसू शकतात. गडद तांबड्यासाठी आर-नाइन नावाचा निराळा आकडा असतो आणि चांगले कारखानदार तो जाहीर करतात. वर्णतापमान कितीही अचूक निवडले, तरी सचोटी नसलेला दिवा सारी मेहनत व्यर्थ करतो. म्हणून वॉट आणि हा गुणांक ह्या दोहोंपैकी एकावरच अधिक पैसे खर्चावयाचे असतील, तर ते गुणांकावर खर्चावे.

प्रहर आणि शरीर

आता ज्या तत्त्वावर ही सारी निवड आधारलेली आहे त्याकडे वळू. दिवा खोलीच्या नावावरून ठरवू नये. त्या खोलीत कोणत्या प्रहरी कोणते काम होते, ह्यावरून ठरवावा. ह्यामागे केवळ अभिरुची नाही, शरीरशास्त्रही आहे. आपल्या दृष्टिपटलात पाहण्याचे काम करणाऱ्या पेशींखेरीज आणखी एका प्रकारच्या प्रकाशग्राही पेशी असतात, असे २००२ च्या सुमारास निश्चित झाले. ह्या पेशी वस्तूंच्या आकृती दाखविण्यापेक्षा भोवताली दिवस आहे की रात्र, ह्याची वर्दी मेंदूस देण्याचे काम करतात, आणि सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशास त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात. रात्री डोळ्यांवर निळसर आणि प्रखर उजेड पडत राहिला, तर निद्रेची तयारी करणाऱ्या मेलाटोनिन ह्या द्रव्याचा स्राव मंदावतो. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत निसर्गतः मिळणारा पांढरा उजेड आणि त्यानंतर ज्योतीचा तांबूस उजेड, हाच क्रम मनुष्यजातीने युगानुयुगे अनुभविला आहे. त्या क्रमाशी घरातील दिव्यांनी शक्य तितके जुळवून घ्यावे, हे श्रेयस्कर. अर्थात केवळ वर्ण बदलून भागत नाही, प्रमाणही कमी करावे लागते. आणि उशाशी पिवळसर दिवा लावून डोळ्यांसमोर मोबाइलचा पडदा उजळत ठेवला, तर त्या दिव्याचा लाभ फारसा पदरी पडत नाही.

दिवाणखाना

बाहेरची खोली ही बहुतेक घरांत अनेक कामांची जागा असते: सकाळी वर्तमानपत्र, दुपारी निवडणे-टिपणे, संध्याकाळी मुलांचा गृहपाठ, रात्री पाहुणे आणि दूरदर्शन संच. एवढ्या भिन्न कामांस एकच दिवा न्याय देऊ शकत नाही, हे ओळखून येथे दोन स्वतंत्र बटणांवर दोन प्रकारचे दिवे ठेवण्याची तजवीज करावी. छताच्या मध्याशी अथवा भिंतीवर ४००० केल्विनची एक पट्टी कामकाजासाठी, आणि कोपऱ्यातील उभा दिवा, भिंतीवरील दिवे किंवा छताच्या खाचेतील पट्टी ही २७०० ते ३००० केल्विनची, निवांत वेळेसाठी. दोन्ही एकाच वेळी लावण्याचा मोह टाळावा. एकाच खोलीत दोन वर्णांचे उजेड मिसळले, की भिंतीवर पिवळे-निळे पट्टे उमटतात आणि दोन्ही उजेड मलिन वाटतात.

भिंतीच्या रंगाचाही विचार येथेच करावा. मोतिया, बदामी, गेरूच्या छटेचे रंग, सागवानी लाकूड, जांभा दगड, पितळेची भांडी ह्यांना उबदार उजेड खुलवितो, आणि ६५०० केल्विनचा दिवा त्यांना करडेपणा आणतो. उलटपक्षी फिकट निळ्या अथवा राखी भिंती २७०० केल्विनखाली मातकट, हिरवट दिसू लागतात. अशा खोलीस ३५०० ते ४००० केल्विन मानवतो. रंग देण्यापूर्वी दुकानातील नमुनापत्रिकेवर निर्णय न घेता, भिंतीच्या हातभर जागेवर रंग लावून तो रात्री आपल्याच दिव्याखाली पाहावा. ही खबरदारी घेतली नाही, तर पसंत केलेला रंग एक आणि नशिबी आलेला रंग दुसरा, असा प्रकार होतो.

स्वयंपाकघर

स्वयंपाकघर हे घरातील खरे कार्यस्थान, आणि तेथे उजेडाची हेळसांड सर्वांत अधिक झालेली दिसते. तांदळातला खडा, डाळीतले टोके, मेथीच्या पानाआडची अळी, दुधाचा बदललेला रंग, तेलात पडलेल्या मोहरीचा करपण्याआधीचा क्षण, हे सारे नजरेने पारखावयाचे असते. म्हणून येथे ४००० केल्विनचा आणि नव्वद किंवा अधिक सीआरआय असलेला दिवा असावा. ६५०० केल्विनचा दिवा प्रखर भासतो, परंतु त्याच्या निळसर झाकेत हळदीचा पिवळा आणि फोडणीचा तांबूस रंग फिका पडतो, आणि भाजी शिजून उतरविण्याची वेळ रंगावरून ओळखणाऱ्या सुगरणीस तो फसवितो. ओट्यावर तीनशे ते पाचशे लक्स उजेड पडावा, असा साधारण मानदंड आहे.

ह्याहून महत्त्वाची बाब दिव्याच्या जागेची. बहुतेक स्वयंपाकघरांत एकच पट्टी खोलीच्या मध्यावर किंवा ओट्यासमोरच्या भिंतीवर असते, आणि ओट्याशी उभ्या राहिलेल्या व्यक्तीची सावली नेमकी विळीवर आणि पातेल्यात पडते. ओट्यावरील कपाटांच्या तळाशी, पुढच्या कडेस, एलईडीची एक पट्टी बसविली, की हा दोष समूळ नाहीसा होतो; तिचा वर्ण मुख्य दिव्याचाच ठेवावा. ओटा काळ्या कडाप्प्याचा अथवा ग्रॅनाइटचा असेल, तर तो उजेड शोषून घेतो, म्हणून तेथे ल्युमेन थोडे अधिक धरावे. जेवणाचे टेबल किंवा पाने मांडण्याची जागा स्वयंपाकघरातच असेल, तर तिच्यावर ३००० केल्विनचा स्वतंत्र दिवा असावा. काम संपवून घरातली माणसे जेवावयास बसली, की ओट्यावरचा कामाचा दिवा विझवावा. अन्न आणि माणसांचे चेहरे ही दोन्ही उबदार उजेडात अधिक प्रसन्न दिसतात.

देवघर

देवघराविषयी एकच गोष्ट आग्रहाने सांगावयाची आहे. समईची ज्योत १९०० केल्विनची, आणि तिच्या शेजारी ६५०० केल्विनची पट्टी लावली, तर ज्योतीचा उजेड अक्षरशः दिसेनासा होतो. पितळेच्या मूर्ती, झेंडू, हळदकुंकू ह्यांचे तेज हरपते. येथे २७०० किंवा त्याहूनही कमी केल्विनचा, दोन-तीन वॉटचा, आडोशाला दडविलेला दिवा पुरेसा आहे. पोथी वाचण्याचा परिपाठ असेल, तर वाचनापुरता वेगळा दिवा बाजूस असावा. दिवाळीच्या आकाशकंदिलासही हेच लागू पडते: कागदाचे लाल-केशरी रंग उबदार बल्बनेच उजळतात, पांढऱ्या बल्बने ते फिके पडतात.

शयनगृह

घरात एकच दिवा बदलावयाचा असेल, तर तो शयनगृहातील बदलावा. तेथे २७०० केल्विन, आणि अधिकात अधिक ३००० केल्विन, ह्यापलीकडे जाऊ नये. माथ्यावरचा दिवा थेट डोळ्यांत शिरतो, म्हणून अंथरुणावर पडल्यावर जो दिसणार नाही अशा भिंतीवरील किंवा उशालगतच्या दिव्यांस प्राधान्य द्यावे; पलंगाच्या दोन्ही बाजूंस स्वतंत्र बटणे असली, म्हणजे एकाच्या वाचनाने दुसऱ्याची झोप मोडत नाही. कपाटापुढे कपड्यांचे रंग पाहण्यासाठी ४००० केल्विनचा एक छोटा दिवा निराळ्या बटणावर असण्यास हरकत नाही, कारण गडद निळा आणि काळा, किंवा जांभळा आणि मोरपिशी, हे भेद पिवळसर उजेडात ओळखू येत नाहीत.

रात्रभर जळणाऱ्या झिरोच्या बल्बविषयी एक सूचना. निळ्या रंगाचा झिरो बल्ब आपल्याकडे फार लोकप्रिय आहे, कारण तो शांत वाटतो. परंतु वर वर्णिलेल्या प्रकाशग्राही पेशींना नेमका निळाच रंग दिवसाची वर्दी देतो. अंधारात झोप लागत नसेल, तर तांबडा अथवा नारिंगी रंगाचा, अत्यंत मंद दिवा, आणि तोही जमिनीलगत, हाच पर्याय स्वीकारावा. बाळंतिणीच्या खोलीत, जेथे रात्रीतून अनेकदा उठावे लागते, तेथे ही खबरदारी विशेष उपकारक ठरते.

अभ्यासाची जागा

वाचन-लेखनाच्या मेजावर ४००० केल्विनचा दिवा असावा आणि पानावर तीनशे ते पाचशे लक्स उजेड पडावा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डाव्या बाजूस आणि डावखुऱ्याच्या उजव्या बाजूस दिवा ठेवला, म्हणजे हाताची सावली अक्षरांवर पडत नाही. केवळ मेजावर उजेडाचा झोत आणि उरलेल्या खोलीत काळोख, ही रचना डोळ्यांस शिणविते. खोलीतला सर्वसाधारण दिवाही मंद का होईना चालू असावा. परीक्षेच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत जागणाऱ्या विद्यार्थ्यांस ६५०० केल्विनचा दिवा जागे राहण्यास साहाय्य करतो, म्हणून पालक तो मुद्दाम आणतात. परंतु तोच दिवा पुस्तक मिटल्यावर झोप लांबवितो, आणि झोपेत कपात करून मिळविलेला वेळ स्मरणशक्तीच्या खाती तोटाच मांडतो. झोपण्यापूर्वीच्या शेवटच्या तासाचे वाचन ३००० केल्विनखाली व्हावे.

स्नानगृह, जिना आणि वृद्धांची सोय

आरशासमोर दाढी करणे, केस विंचरणे, कुंकू लावणे ह्यांसाठी ४००० केल्विनचा, उत्तम सीआरआयचा दिवा लागतो, आणि तो माथ्यावर न ठेवता आरशाच्या दोन्ही बाजूंस, चेहऱ्याच्या उंचीवर ठेवावा. वरून पडणाऱ्या उजेडाने डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावल्या पडतात. स्नानगृहातील दिवा दमट हवेस टिकणारा, बंदिस्त आवरणाचा असावा.

वयोवृद्ध माणसांच्या बाबतीत नियम थोडे बदलतात. वयोमानानुसार डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते आणि बाहुली आकुंचन पावते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतील तरुणाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. म्हणून आजी-आजोबांच्या वाचनाच्या जागी उजेडाचे प्रमाण दुप्पट करावे, वर्ण ४००० च्या आसपास ठेवावा, आणि दिवा उघडा न ठेवता दुधी आवरणात ठेवावा, कारण मोतीबिंदूच्या आरंभी उघड्या दिव्याची तिरीप असह्य होते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यानंतर नवे भिंग स्वच्छ असल्यामुळे घरातला तोच पांढरा दिवा एकाएकी निळसर वाटू लागतो. अशा वेळी दिवा बदलून उबदार वर्णाचा आणावा. रात्री उठून न्हाणीघरापर्यंत जाण्याच्या मार्गावर जमिनीपासून वीतभर उंचीवर २७०० केल्विनचे मंद दिवे असावेत, आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीची कड स्पष्ट दिसावी. पडण्याचा धोका टाळण्याचा ह्याहून अल्पखर्चिक उपाय नाही.

सज्जा, पडवी आणि अंगण

बाहेरच्या दिव्यास ३००० केल्विनपेक्षा अधिक वर्णतापमान नसावे. निळसर उजेडाकडे कीटक अधिक आकृष्ट होतात; पावसाळ्याच्या तोंडाशी पंख फुटलेल्या वाळवीचे थवे पांढऱ्या पट्टीभोवती घोंगावतात आणि दारातून घरात शिरतात, हे सर्वांच्या पाहण्यातले आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ साली रस्त्यांवरील दिव्यांच्या बाबतीतही ३००० केल्विन किंवा त्याहून कमी वर्णतापमानाची शिफारस केली, ती झगमगाट आणि निद्रानाश ह्या दोन्ही कारणांसाठी. दिवा खाली तोंड करून, वरून झाकलेला असावा, म्हणजे उजेड आकाशात अथवा शेजाऱ्याच्या खिडकीत वाया जात नाही. भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची अशा सह्याद्रीतील गावांत मे महिन्याच्या अखेरीपासून जूनपर्यंत काजवे चमकतात. तेथे ज्यांची घरे अथवा पर्यटकांच्या निवासाच्या सोयी आहेत, त्यांनी त्या दिवसांत बाहेरचे दिवे शक्यतो विझवावेत, कारण काजव्यांचे परस्परांस खुणावणे कृत्रिम उजेडात लोपते, आणि उबदार दिवाही त्यांना अपायकारकच ठरतो.

खरेदीच्या वेळी

दुकानात जाण्यापूर्वी घरातील प्रत्येक दिव्याची यादी करावी: खोली, काम, वेळ, केल्विन, ल्युमेन आणि होल्डर पिनचा की आट्यांचा. खोक्यावर भारतीय मानक ब्यूरोची खूण पाहावी. एलईडी बल्बसाठी आयएस १६१०२ हे मानक आहे. एका खोलीतील सर्व दिवे एकाच कारखान्याचे आणि एकाच वेळी घ्यावेत, कारण समान अंकाच्या दोन कारखान्यांच्या दिव्यांतही वर्णाची तफावत असू शकते. पुढेमागे एखादा बिघडेल म्हणून एकदोन जास्तीचे घेऊन ठेवावेत. दिवा लावून त्यावर मोबाइलचा कॅमेरा धरावा. पडद्यावर सरकते काळे पट्टे ठळक दिसले, तर त्या दिव्याचा उजेड लुकलुकतो असे समजावे आणि तो नाकारावा, कारण ही लुकलुक उघड्या डोळ्यांस दिसली नाही, तरी तिने कित्येकांस डोकेदुखी जडते. छताचा पंखा आणि दिवा ह्यांच्या जागा अशा ठरवाव्यात, की पात्यांची सावली वाचणाऱ्यावर फिरणार नाही.

उजेड कमी-अधिक करणारे बटण बसवावयाचे असेल, तर त्यास साजेसा दिवा आहे अशी खोक्यावर स्पष्ट नोंद असल्याशिवाय घेऊ नये. तारेचा जुना बल्ब मंद केला, की आपोआप तांबूस होई. साधा एलईडी मंद केला तरी त्याचा वर्ण तोच राहतो, म्हणून मंद करावयाचा दिवा मुळातच उबदार घ्यावा. बटण पुन्हापुन्हा दाबल्यावर वर्ण बदलणारे थ्री-इन-वन दिवे आता सर्वत्र मिळतात. एकाच खोलीत संसार असलेल्या कुटुंबास ते विशेष सोयीचे आहेत, कारण तीच खोली सकाळी कार्यस्थान, संध्याकाळी बैठक आणि रात्री शयनगृह असते.

पैठणी, दागिने अथवा भिंतीचा रंग दुकानातील दिव्याखाली पाहून कधीही पसंत करू नये. सराफाच्या पेढीवर सोन्यावर उबदार आणि हिऱ्यांवर शीतल उजेड सोडलेला असतो. त्या त्या जिनसाचे तेज त्यात वाढते. जुळणारे म्हणून घेतलेले लुगडे आणि खण दुकानातल्या दिव्याखाली एकरंगी दिसून दिवसाच्या उजेडात भिन्न निघतात, तेव्हा वस्तू दाराशी नेऊन सूर्यप्रकाशात पाहण्याचा जुन्या बायकांचा दस्तूर शास्त्रशुद्ध आहे आणि तो सोडू नये.

एवढ्या तपशिलातून ज्यांना एक संक्षिप्त नियम हवा असेल, त्यांनी हा धरावा: विश्रांतीस २७००, जेवणास व गप्पांस ३०००, कामास व अभ्यासास ४०००, आणि ६५०० हा अंक गोदाम, वाहनतळ, दुरुस्तीचे मेज अशा जागांपुरताच मर्यादित ठेवावा. सारे दिवे एकदम बदलण्याची आवश्यकता नाही. जुना दिवा बिघडेल तसा नवा योग्य वर्णाचा आणावा. परंतु शयनगृहातील पांढरा बल्ब बिघडण्याची वाट न पाहता ह्याच आठवड्यात काढून तेथे २७०० केल्विनचा लावावा, आणि काढलेला बल्ब माळ्यावर किंवा कोठीच्या खोलीत वापरावा. खर्च शंभर-दीडशे रुपयांचा आहे, आणि त्याचा लाभ घरातील प्रत्येकास रोज रात्री मिळावयाचा आहे.